स्पिअरगन दहा महिने ठेवून पाहिली: पाचपैकी दोन तारे

मी साकोली तालुक्यातला, जातीनं ढिवर. अकरा वर्षांपासून गावच्या मच्छीमार सहकारी संस्थेचा सचिव आहे. संस्थेकडे तीन मामा तलाव ठेक्यानं आहेत. बाहेरच्यांसाठी सांगतो, मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. कोहळी लोकांनी बांधलेले, मालगुजारी, म्हणजे जुनी जमीनदारी, गेल्यावर सरकारकडे आलेले. आमच्यातला मोठा सत्तावीस हेक्टरचा आहे. माझं लहानपण त्याच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, गेलं आणि आताही दिवस तिथंच उगवतो.

मागच्या जुलैत माझ्या भाच्यानं ऑनलाइन स्पिअरगन मागवली, म्हणजे पाण्यात सळई सोडून मासे मारायची बंदूक. पोरगा एकोणीस वर्षांचा, पैसे त्यानं धान रोवणीच्या मजुरीतून जमवले होते. सहा हजार आठशे पन्नास रुपये. या वस्तूबद्दल लिहिणारे पुष्कळ आहेत, पण मला सापडले ते सगळे समुद्राकडचे. तलावात, बोडीत म्हणजे लहान तळ्यात, नदीच्या डोहात मासे धरणाऱ्या माणसानं लिहिलेलं काहीच मिळालं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं. कायद्याचं जे वाचायला पाहिजे होतं ते आम्ही वस्तू घेतल्यावर वाचलं. तुम्ही आधी वाचा.

पहिले वस्तूबद्दल. खोक्यात ७५ सेंटीमीटर लांबीची ॲल्युमिनियमची नळी होती. मागे पिस्तुलासारखी मूठ, तिला चाप, बाजूला सेफ्टीचं बटण. साडेसहा मिलिमीटर जाडीची स्टेनलेस स्टीलची सळई. १६ मिलिमीटर जाडीचे दोन काळे रबर. सळईला बांधायची तीन मीटर नायलॉन दोरी. सोबत पाण्यात घालायचा चष्मा आणि श्वासाची नळी. भाच्यानं बंदूक हातात दिली तेव्हा मी आधी सळईच्या टोकाचा काटा पाहिला. आमच्या धंद्यात हत्याराची परीक्षा काट्यावरच होते. काटा सळईला खिळीवर बसवलेला होता. बोटानं मागे दाबला की अंगाला चिकटून बसायचा, सळई उलटी ओढली की फाकायचा. खिळीला कुठं कचकच नाही, कडांना कुठं ओबडधोबड कोर राहिलेली नाही. लोहाराकडून करून घेतलेल्या आमच्या भाल्याच्या काट्यात असं काम येत नाही. घडणीला मी पूर्ण गुण देतो.

भरायची रीत अशी. मुठीचं बूड छातीला टेकवायचं, दोन्ही हातांनी रबर मागे ओढायचा आणि सळईच्या खाचेत अडकवायचा. मग दुसरा. पहिल्या आठ दिवसांत पोराच्या छातीवर निळा वळ उठला. दोन्ही रबर चढले की त्या सळईत किती जोर साठतो, ते आम्हाला घराच्या आंगणात कळलं. निळा दोनशे लिटरचा प्लास्टिकचा ड्रम पाण्यानं भरून ठेवला होता. भाच्यानं सात-आठ हातांवरून चाप ओढला. सळई ड्रमच्या एका बाजूनं आत शिरली, सगळं पाणी कापून गेली आणि समोरच्या बाजूला आतून टेंगूळ आणून थांबली. भोकातून पाण्याची धार लागली. त्या ड्रमपासून चार हातांवर माझी बहीण भांडी घासत बसली होती. ती काही बोलली नाही, तिचा हात तसाच गंजावर राहिला. माझ्या पोटात त्या वेळी जे झालं ते मला अजून आठवते.

त्या रात्री मी सोबतचं पुस्तक भाच्याकडून वाचून घेतलं. तिसऱ्या पानावर इंग्रजीत लिहिलं होतं की ही वस्तू पाण्याबाहेर कधीही भरू नये, सोडू नये. पाणी सळईचा जोर दोन-तीन मीटरवर खाऊन टाकते, हवेत तो तसाच राहते. एवढी मोठी गोष्ट खोक्यावर मराठी-हिंदीत, ठळक अक्षरात पाहिजे होती. एक तारा मी इथंच कापला.

आता तलावात काय झालं ते. ऑगस्टचा महिना होता. पावसाळ्यात आमच्या तलावाचं पाणी गढूळ असते, कोपरभर हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. बुडी मारून नेम धरायचा प्रश्नच नव्हता. म्हणून भाचा डोंग्यात उभा राहून वरूनच मारतो म्हणाला. मी आणि आमच्या संस्थेतले सर्वांत वडील सभासद, ज्यांना सारं गाव काकाजी म्हणते, दोघं सोबत होतो. काकाजींनी तरुणपणी भाल्यानं मासे मारलेले आहेत. त्यांनी पोराला पहिली गोष्ट सांगितली, "मासा दिसते तिथं नसते बाबू, त्याच्या खाली असते. पानी फसवते." हे खरं आहे. वरून पाहिलं की मासा असतो त्यापेक्षा वर दिसतो, नेम खाली धरावा लागतो. स्पिअरगनच्या पुस्तकात याचा उल्लेख नाही, कारण ती बनवणाऱ्यानं ती पाण्यात उतरलेल्या माणसासाठी बनवली आहे.

बेशरमाच्या झाडोऱ्याजवळ पाण्यावर लालसर डाग हलताना दिसला. ताटाएवढा. जवळ गेलो तेव्हा तो डाग म्हणजे मरळीची पिल्लं होती, शेकडो, एकमेकांना चिकटून वर-खाली होणारी. मरळ हवेतून श्वास घेते, तशीच तिची पिल्लंही श्वासाला वर येतात, त्या वेळी पाणी बारीक उकळल्यासारखं दिसते. त्यांच्या खाली हातभर अंतरावर मोठी मरळ असते. नर आणि मादी दोघंही पिल्लं राखतात. ती श्वास घ्यायला वर आली, काळं डोकं दिसलं आणि भाच्यानं बंदूक उचलली. बाजारात मरळीला रोहूच्या दुप्पट भाव आहे, पोराचा दोष नव्हता. काकाजींनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. "थांब रे. लेकरं हायेत तिच्याजवळ. तिले मारशील तं हे सारे घंटाभरात दुसऱ्याच्या पोटात जातीन."

जाळं मोठ्या-लहान साऱ्यांवर पडते, तरी आमच्या संस्थेत पावसाळ्यात मरळीच्या लाल पिल्लांवर जाळं टाकायचं नाही हा रिवाज आहे. गळाला लागलेली मरळ सोडता येते. सळई आरपार गेलेली मरळ सोडता येत नाही. आणि या बंदुकीला सर्वांत सोपी शिकार सापडते ती हीच, पिल्लांवरून न हलणारी आई. त्या दिवशी बंदूक न मारताच डोंग्यात रिकामी केली. रिकामी करणंही सोपं नाही, रबर एकेक करून हातानं सोडावे लागतात, आणि डोंगा हलत असतो.

ऑक्टोबरात भाचा मित्रासोबत गाडीवर पाहुण्यांच्या गावी निघाला. बंदूक पोत्यात गुंडाळलेली. नदीच्या डोहात पाणी निवळलं असेल, तिथं मारून पाहू असा विचार. रस्ता एका अभयारण्यातून जातो. नाक्यावर वनरक्षकानं पोतं उघडायला लावलं. मला फोन आला तेव्हा मी धानाच्या बांधीत होतो. तसाच चिखलाच्या पायानं गेलो.

पोरं बाकावर बसून होती, चेहरे उतरलेले. भाचा एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "साहेब, याले लायसन लागत नाही, वेबसाइटवर लिहिलं आहे." आरएफओ साहेबांनी, म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांनी, त्याच्यावर आवाज चढवला नाही. त्यांनी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ ची प्रत काढली आणि मला व्याख्यांचं कलम दाखवलं. तिथं 'शस्त्र' या शब्दाखाली काय काय येते ते मी पहिल्यांदा वाचलं. बंदुका, दारूगोळा, धनुष्यबाण, स्फोटकं, विष तर आहेच, पण सुऱ्या, गळ, जाळी, फासे, सापळेही आहेत. शेवटी, प्राण्याला इजा करू शकेल किंवा मारू शकेल असं कोणतंही साधन. गळ आणि जाळं जिथं शस्त्रात मोडते तिथं स्पिअरगन सुटण्याचा प्रश्नच नाही. आणि कलम ३१ म्हणते की मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय कोणीही शस्त्र घेऊन अभयारण्यात जायचं नाही. वापरलं की नाही, भरलेलं होतं की पोत्यात होतं, हा पुढचा विषय. सोबत नेणं हाच गुन्हा. याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

शिक्षेचं खरं ओझं त्याच्या पुढे आहे. अभयारण्यात शिकार झाली, किंवा अनुसूची १ मधला, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाच्या यादीतला, प्राणी कुठंही मारला गेला, तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात, आणि दंड पंचवीस हजारांच्या खाली नाही. दंडाचे हे आकडे २०२२ च्या दुरुस्तीनं वाढवलेले आहेत, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. आमच्या तलावांत मऊ पाठीचं कासव सगळीकडे आहे, ते अनुसूची १ मध्ये आहे. नागझिरा-नवेगावकडच्या पाण्यात पाणमांजर आहे, तेही त्याच अनुसूचीत. गढूळ पाण्यात हललेल्या सावलीवर चाप ओढला आणि सळईला कासव लागलं, तर "मी मासा समजलो" म्हणून सुटका होत नाही.

पोरांकडे मासा नव्हता, सळई कोरडी होती, नावावर आधीचं काही नव्हतं. साहेबांनी जबानी लिहून घेतली, आम्हा तिघांच्या सह्या घेतल्या, समज दिली आणि सोडलं. तीन तास गेले. मी त्यांचे उपकार मानतो, कारण लिहायचं ठरवलं असतं तर लिहिण्याजोगं कलम त्यांच्या हातात होतं.

घरी आल्यावर मला झोप लागली नाही. अभयारण्याबाहेर, स्वतःच्या घरी ही वस्तू ठेवणं तरी कायद्यात बसते का? पुढच्या आठवड्यात भंडाऱ्याला कोर्टात वकिली करणाऱ्या ओळखीच्या वकीलसाहेबांकडे गेलो. बंदूक नेली नाही, फोटो नेला. त्यांनी शस्त्र अधिनियम १९५९ उघडला. त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत लिहितो, कारण विकणारा यातलं एक अक्षर सांगत नाही.

आपल्याला वाटते की बंदूक म्हणजे बारूद. कायद्यातली 'अग्निशस्त्रा'ची व्याख्या तेवढ्यावर थांबत नाही. स्फोटकाच्या किंवा दुसऱ्या कोणत्याही प्रकारच्या ऊर्जेच्या जोरावर काहीतरी फेकून मारण्यासाठी बनवलेलं शस्त्र, असे तिचे शब्द आहेत. ताणलेल्या रबराचा जोर ही ऊर्जाच आहे. हवेच्या दाबावर चालणाऱ्या स्पिअरगनही मिळतात, तो दाबही ऊर्जाच. हवेच्या बंदुकांना जी सूट आहे ती छोट्या एअरगनसाठी आहे, नळी ०.१७७ इंचापर्यंत आणि जोर २० ज्यूलपर्यंत. ०.१७७ इंच म्हणजे साडेचार मिलिमीटर. आमची सळईच साडेसहाची. त्यामुळे "एअरगनला कुठं लायसन लागते" हे जे पोरं म्हणतात ते या वस्तूला लावता येत नाही.

याला दुसरी बाजू आहे आणि वकीलसाहेबांनी तीही सांगितली. हल्ला किंवा बचाव यांसाठी बनवलेली वस्तू ती शस्त्र, ही कायद्याची पहिली पायरी आहे. फक्त घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेल्या वस्तू, जशी लाठी, त्यातून वगळलेल्या आहेत. स्पिअरगन ही मासेमारीची वस्तू आहे, शस्त्र नाही, असं म्हणता येते. "पण हे तुला कोर्टात म्हणावं लागंल," ते म्हणाले. "नाक्यावर, ठाण्यात वस्तू जप्त झाल्यावर, वकील लावून, तारखा करत." खोक्यावरच्या वाक्यानं ते काम होत नाही. आणि पोराचं वय? अग्निशस्त्र धरलं गेलं तर कलम ९ प्रमाणे एकवीस वर्षं पूर्ण नसलेल्याला ते ठेवताच येत नाही. म्हणजे परवाना मागायला जावं तर भाचा अर्ज करण्याच्याही वयाचा नाही.

आमच्या भागाला आणखी एक गाठ आहे. अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत शस्त्राचा नवा परवाना द्यायचा तर मुख्य वन्यजीव रक्षकाची आधी संमती लागते, हे वन्यजीव कायद्याच्या कलम ३४ मध्ये आहे. नागझिरा, कोका, नवेगाव, पलीकडे उमरेड-पवनी-कऱ्हांडला. नकाशावर दहा-दहा किलोमीटरची वर्तुळं काढून पाहा, भंडारा-गोंदियात किती गावं मोकळी राहतात ते दिसेल.

मी विचारलं, मग आमच्या काकाजींच्या भाल्याचं काय? वकीलसाहेब हसले नाहीत, मला बरं वाटलं. भाले, तलवारी यांसारख्या धारदार शस्त्रांसाठी वेगळी तरतूद आहे. कलम ४ प्रमाणे केंद्र सरकारनं अधिसूचना काढलेल्या भागात त्यांना परवाना लागतो. दाराशी टेकवलेला मासे मारायचा जुना भाला आणि चाप ओढून सुटणारी सळई यांना कायदा एका कलमात मोजत नाही, एवढं त्यांनी स्पष्ट सांगितलं. अभयारण्यात मात्र दोन्ही सारखेच शस्त्र.

या वस्तूचं खरं घर समुद्र आहे. तिकडचे नियमही पाहिले, म्हटलं जिथं ही रोज वापरतात तिथं तरी कशी वापरतात. इटलीत सोळा वर्षांखालच्याला मनाई, सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत मनाई, श्वासाची टाकी लावून मारायला मनाई, म्हणजे स्वतःच्या दमावर बुडी मारूनच, आणि दिवसाला पाच किलोची मर्यादा. फ्रान्समध्ये पाण्याबाहेर ती भरून ठेवता येत नाही. माझ्या बहिणीच्या आंगणात जे घडलं ते तिथं कायद्यानंच बंद आहे. बहामात चापाची बंदूक चालत नाही, हातानं ताणून सोडायची रबराची गोफण तेवढी चालते. मालदीवमध्ये ती देशात आणताच येत नाही. आणि आपल्या कामाची गोष्ट ही, की अमेरिकेच्या फ्लोरिडा राज्यात गोड्या पाण्यावर स्पिअरगन जवळ बाळगायलाही बंदी आहे. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्समध्ये समुद्रात परवानगी, पण आतल्या नद्या-तळ्यांत भाल्यानं मासेमारी बंद. म्हणजे समुद्र असलेल्यांनीही ती तलावापासून दूर ठेवली. माझ्या मते बरोबर ठेवली. तलावाला काठ असतो. मासा पळून पळून कुठं जाणार? आणि काठावर दुसऱ्या बाजूला कोणाची तरी बाई धुणं धूत असते.

आमच्याकडे सुरुंग लावून आणि विष टाकून मासे मारायला बंदी आहे, हे पोरासोरांनाही माहीत आहे, आणि ठेक्याच्या तलावातला मासा संस्थेचा असतो हेही. नोव्हेंबरच्या सभेत आम्ही ठराव घेतला, संस्थेच्या तिन्ही तलावांत स्पिअरगन आणि बाण मारायची गुलेर म्हणजे गलोल, दोन्ही बंद. सभासदाला आणि पाहुण्यालाही. ठराव भाच्याच्या हातानं लिहून घेतला, त्याचं अक्षर चांगलं आहे.

विकणाऱ्याबद्दल. नाव घेत नाही. त्यांच्या पानावर 'परवान्याची गरज नाही, शंभर टक्के कायदेशीर, नदी-तलाव-समुद्र कुठंही वापरा' असं लिहिलेलं होतं. नाक्याच्या प्रकारानंतर मी फोन केला. कोणत्या कलमानं परवाना लागत नाही ते मला लेखी पाठवा, एवढंच मागितलं. समोरची मुलगी नम्र होती, तिला काहीच ठाऊक नव्हतं. तिनं दोनदा होल्डवर ठेवलं आणि शेवटी सांगितलं की दहा दिवस होऊन गेले आहेत, वस्तू परत होणार नाही. मी पैसे मागितलेच नव्हते. मेल केला, त्याला उत्तर आलं नाही. 'कुठंही वापरा' हे शब्द वाचून आमच्याकडचं एखादं पोर पोतं घेऊन निघते आणि बाकावर बसते, हे त्यांना कोणीतरी समजावून सांगायला पाहिजे. दुसरा तारा तिथं गेला. तिसरा रबरासाठी.

रबराचं असं झालं. बंदूक ठरावानंतर आमच्या घरी माळ्यावर ठेवली. वर टिनाचं छप्पर. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो, टिनाखाली त्याहून जास्त. परवा उतरवून पाहिली तर रबर चिकट झालेले, वाकवले की काळी भुकटी बोटाला लागते, खाचेजवळ आडव्या चिरा. असा रबर ताणताना तुटला तर तोंडावर येतो. सहा महिने न वापरता हे हाल. सावलीत, थंड जागी ठेवा असं पुस्तकात आहे, पण विदर्भात मे महिन्यात थंड जागा म्हणजे कूलरसमोर, आणि तिथं आई झोपते. मी रबर कात्रीनं कापून टाकले. नळी, मूठ आणि सळई संस्थेच्या कपाटात कुलपात आहे. जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज दिला आहे की ही वस्तू कोणाकडे जमा करावी ते लेखी कळवावं. अर्जाची पोच फाइलला लावली आहे.

एक गोष्ट मात्र सांगायची राहिली. सोबत आलेला चष्मा फार चांगला निघाला. रबरी कड चेहऱ्याला घट्ट बसते, आत थेंब येत नाही, काच घासली गेलेली नाही. जानेवारीत पाणी निवळलं तेव्हा भाचा तो लावून तुडुमापाशी, म्हणजे तलावातून पाटाला पाणी सोडायच्या जागेपाशी, उतरला. तुडुमाच्या तोंडाशी दोन वर्षांपासून काय अडकलं आहे ते आम्हाला वरून कळत नव्हतं, पाटाला पाणी कमी जात होतं. तो तीनदा खाली गेला. चौथ्यांदा वर आला तेव्हा हातात कुजलेल्या जाळ्याचा गोळा होता, आत बाभळीची फांदी. मग काठावर येऊन दम घेत म्हणाला, "मामा, खाली गवत हाये न, त्यात बोटाएवढ्या मरळी हायेत. लाल नाही आता. काळ्या झाल्या."

काकाजींनी चष्मा मागून घेतला, धोतराच्या सोग्यानं पुसला आणि स्वतः पाण्यात उतरले.